मागच्या काचेवर कोण येते?

मी एक जुना शर्ट आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तर हसाल आणि म्हणाल, याला शर्ट कसे म्हणायचे? हे तर गाडी पुसायचे फडके! तुमचेही चूक नाही. मला बाह्या नाहीत, कॉलर नाही, बटणे तर केव्हाच गेली. खिसा तेवढा शाबूत आहे. पण मी स्वतःला अजून शर्टच समजतो, तेवढा मान मला राहू द्या. माझ्या कापून टाकलेल्या बाह्या अजूनही कधीकधी कोणाला तरी जवळ घ्यायला उठतात, असे मला वाटते. हे मोठ्या माणसांना सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका शिवणखान्यात झाला. पांढरे सुती कापड, दुहेरी शिलाई आणि छातीवर एक खिसा. एका लाँड्रीच्या मालकांनी मला विकत घेतले. गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना 'कडक' म्हणत. स्वभावाने कडक नव्हेत हो! स्वभाव लोण्यासारखा मऊ. पण हाती आलेल्या प्रत्येक कपड्याला खळ घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. खळ म्हणजे कपडा ताठ करणारे पांढरे, चिकट पाणी. त्यात ते चिमूटभर नीळ टाकत आणि खळ आंबू नये म्हणून थोड्या लवंगा ठेचून घालत. त्यांच्या हातचा रुमाल टेबलावर उभा राहत असे. एक गिऱ्हाईक कुरकुरले, "अहो कडक, या विजारीत मला बसताच येत नाही!" मालक म्हणाले, "मग उभे राहा की. कसे रुबाबदार दिसता!"

ते माझे सुखाचे दिवस होते. दिवसभर मी मालकांच्या अंगावर असे. इस्त्रीची वाफ आणि लवंगांचा वास माझ्या धाग्याधाग्यात भिनला होता. संध्याकाळी त्यांची मुलगी शाळेतून आली की धावत येऊन त्यांना बिलगे. ती सतत काहीतरी कुरतडत असायची, म्हणून घरात तिला सगळे 'खारू' म्हणत. खारू माझ्या खिशावर कान ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, तुमची इस्त्री आतून ठकठक करतेय." त्या ठकठकीची मला इतकी सवय झाली होती की ती मला माझीच वाटे.

पुढे माझी कॉलर विरली. त्याच सुमारास घरी नवी गाडी आली. गडद निळी, मागचे दार वर उचलले जाणारी. धुतलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचवायला ती घेतली होती. मालकांना तिचे काय ते कौतुक! त्यांनी कात्री घेतली आणि मला समोर पसरले.

"नव्या गाडीला बाजारचं फडकं लावायचं नाही. अंगावरचंच हवं," ते म्हणाले.

"शर्टाचा जीव गेला म्हणायचा," मालकीणबाई हसून म्हणाल्या.

कात्री लागली तेव्हा मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण रोज सकाळी मालक मलाच घेऊन गाडी पुसत आणि पुसताना गुणगुणत. त्यांचा हात माझ्यावर होता, तेवढे मला पुरत होते.

एका दुपारी मी दुकानाच्या फळीवर पडलो होतो. मालकीणबाई पाठमोऱ्या होऊन चादरींना इस्त्री करत होत्या. मालकांनी हळूच माझी एक कापलेली बाही आणि एक पातेले उचलले आणि चोरपावलांनी बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परतले ते गालातल्या गालात हसत. हात ओले होते आणि बाहीही ओली होती.

"काय उद्योग चाललाय बाहेर?" मालकीणबाईंनी मान न वळवता विचारले.

"गंमत आहे. चल, दाखवतो."

"आत्ता? एवढ्या चादरी पडल्यात."

"बरं, मग उद्या दाखवतो," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते ते एकदम खाली बसले. हातातली इस्त्री टेबलावर तशीच राहिली आणि तिथे तिचा तपकिरी ठसा उठला. चौकापलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई धावत आल्या, पण उपयोग झाला नाही. घर माणसांनी भरले आणि रिकामे झाले. मी फळीवरच होतो. मला कोणी उचलले नाही. ती ठकठक मी खूप वेळ ऐकायचा प्रयत्न केला.

घर चालवायचे तर लाँड्री चालवायला हवी होती. मालकीणबाईंना गाडी येत होती, पण त्यांना शेजारी बसायची सवय. मन घट्ट करून त्या कपडे पोहोचवायला निघू लागल्या. पहिली फेरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन गाडी पुसायला गेल्या. खारू मागून आली आणि गाडीमागे थबकली.

मागच्या काचेवर पांढरा डाग होता. वर रुंद, आणि त्यातून खाली उतरलेल्या पाच रेघा. कडांना किंचित निळसर झाक. काचेवर आतून कोणी तळहात टेकवावा तसा तो दिसत होता.

"आई," खारू हळूच म्हणाली, "बाबांचा हात!"

"अगं, पाणी वाळलंय," असे म्हणून मालकीणबाईंनी मला काचेवर दाबले. मित्रांनो, मी शहारलो. त्या डागाला लवंगांचा वास होता.

"आई, बाबांचा वास येतोय," खारू म्हणाली.

"तो या शर्टाचा आहे, राणी. बाबांचाच शर्ट ना हा!"

मला ओरडून सांगावेसे वाटले की हा वास माझा नाही, काचेतून येतोय. पण फडक्याचे कोण ऐकते? एक रेघ पुसली आणि मला मालकांचे बोटच हाती लागल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच होता, आणि तिसऱ्या दिवशीही. मालकीणबाई गाडीत बसून मागच्या काचेवर पाणी मारत, वायपर फिरवत. काच लख्ख होई आणि सकाळी पाहावे तर तोच हात, कधी आदल्या दिवसापेक्षा ठळक. गाडीच्या शोरूममधल्या माणसाने सांगितले, "ताई, तुमच्याकडचं पाणी जड असणार. क्षार वाळतात. गाळलेलं पाणी भरा." मालकीणबाईंनी पुढचे बॉनेट उघडून टाकीत गाळलेले पाणी भरले. हाताला त्याचे काहीच वाटले नाही. तो आपला येतच राहिला.

मालकांच्या आईंनी, म्हणजे आजींनी, तर गाडीकडे बघणेच सोडले. "सूनबाई, त्याला काहीतरी सांगायचं राहिलंय गं," त्या म्हणत. "उगाच का येतोय रोज? ती गाडी दारात नको. विकून टाक."

"अहो आई, गाडी विकली तर गाठोडी काय डोक्यावरून नेऊ?" मालकीणबाई चिडून म्हणत. पण गाडीकडे जाताना त्यांचीही पावले जड होत, हे मला त्यांच्या हातात असल्यामुळे कळे.

खारूला मात्र भीती नव्हती. ती उठल्याबरोबर तशीच पारोशी धावत बाहेर येई आणि काचेवरच्या हाताला आपला हात लावून उभी राही. शाळेत कोण रडले, चित्रकलेत काय काढले, सगळे सांगे. मालक गेल्यापासून घरात ती जेवढे बोलत नव्हती तेवढे त्या काचेशी बोले. मग मालकीणबाई येत आणि मला पुढे करत.

"पुसू नको ना आई. मला बघून झालं की जातात ते आपोआप."

"नवी गाडी अशी डागाळलेली घेऊन लोकांच्या दारात जाऊ का? लाँड्रीवाल्यांची गाडी आहे ही."

त्यांचेही खरे होते. मित्रांनो, माझी काय दशा झाली असेल, विचार करा. ज्या अंगावर मी वाढलो त्याच माणसाचा हात मला रोज सकाळी पुसावा लागत होता. पुसून झाले की मला दोरीवर टाकत आणि वाऱ्याने माझ्या नसलेल्या बाह्या हलत.

मग एक दिवस डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. त्यांच्या दवाखान्याचे पांढरे कोट लाँड्रीतच धुतले जात आणि गाडीतून पोहोचवले जात. त्यांनी कोट टेबलावर उलगडले. सगळ्यांच्या खांद्यांवर निळसर ओघळ वाळले होते.

"तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं," त्या अवघडून म्हणाल्या. "पण पेशंटसमोर हे घालणार कसे? पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे द्यावे लागतील."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. दवाखाना गेला तर बाकीची गिऱ्हाइके किती दिवस टिकणार? त्या गाडीकडे गेल्या. मागचे दार वर उचलून त्यांनी आतून हात फिरवला. दाराच्या सांध्यापाशी ओल होती. एक थेंब त्यांच्या मनगटावर पडला. त्यांनी तिथल्या तिथे ठरवले, गाडी गॅरेजमध्ये न्यायची.

खारू रडत रडतच गाडीत बसली. मी तिच्या मांडीवर होतो. "दुरुस्त करू नको ना! मग बाबा येणार कुठून?"

बराच रस्ता गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "मला काय हौस आहे का गं?" आणि त्यांनी एका हाताने डोळे पुसले.

गॅरेजवाले काका शांत माणूस होते. त्यांनी मागचे दार उघडले, आतले प्लास्टिकचे आवरण काढले आणि म्हणाले, "ही बघा, मागच्या काचेची टाकी. वेगळी असते या गाडीत."

"वेगळी?" मालकीणबाई चकित झाल्या. "मी तर पुढेच पाणी भरत होते."

"पुष्कळांना माहीत नसतं. ही नळी कोणीतरी काढून परत लावलीय, पण खटका नीट बसलेला नाही. म्हणून आत गळतं. आणि गाडी उभी राहिली की नळीतलं उरलेलं पाणी वरच्या तोटीतून काचेवर उतरतं." बोलता बोलता त्यांनी टाकी सोडवली आणि गटारावर उलटी केली. निळसर, दुधासारखी धार खाली पडू लागली. "ताई, हे पाणी नाहीये. काय घातलंय यात?"

वास तर सगळ्या गॅरेजभर पसरला. लवंग.

"थांबा!" मालकीणबाई किंचाळल्या. "ओतू नका! थांबा!"

काकांनी घाबरून टाकी सरळ केली. तळाशी थोडेसेच उरले होते. मालकीणबाईंनी त्यात बोट बुडवले, बोटावर बोट घासले, आणि टाकी पोटाशी धरून त्या तिथेच गॅरेजच्या पायरीवर बसल्या.

"खळ आहे," त्या म्हणाल्या. "यांची खळ. काचेला खळ घातली होती वेड्यानं. हीच ती गंमत."

आता मला माझ्या ओल्या बाहीचा उलगडा झाला. गुठळ्या राहू नयेत म्हणून मालकांनी माझ्याच बाहीतून ती खळ गाळली होती आणि नळी काढून टाकीत भरली होती. काचसुद्धा कशी कडक चमकेल, हे त्यांना बायकोला दाखवायचे होते. आम्ही जितके पाणी मारत होतो, तितकी त्यांचीच खळ काचेवर येत होती. आणि त्यातली बहुतेक आता गटारातून चालली होती. खारू त्या निळसर ओघळाच्या मागे दोन पावले गेली आणि थांबली.

घरी येऊन आजींना सगळे सांगितले. त्या आधी हसल्या. "मेला, काचेलासुद्धा खळ..." त्या बोलून गेल्या आणि स्वतःच्याच शब्दाने गप्प झाल्या. मग पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ रडल्या. गाडी विकण्याचे त्यांनी पुन्हा काढले नाही.

उरलेली खळ बाटलीतून आणली होती. ती एका शर्टापुरती होती. मालकीणबाईंनी मला स्वच्छ धुतले, त्या खळीत बुडवले, वाळवले आणि तपकिरी ठशाच्या त्या टेबलावर पसरून इस्त्री केली. किती दिवसांनी मी ताठ झालो! त्यांनी मला टेबलावर उभे केले तर मी खरेच उभा राहिलो, बिनबाह्यांचा. खारू जवळ आली. तिने माझ्या खिशावर कान ठेवला. आत काहीच वाजत नव्हते, हे मला ठाऊक होते आणि तिलाही कळले असणार. तरी ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

आता मी दुकानात खिडकीजवळच्या खुंटीवर असतो. खळ घातलेल्या कपड्याने काच पुसता येत नाही, म्हणून गाडीसाठी बाजारातून नवे फडके आले आहे. दवाखान्याचे कोट पुन्हा पांढरेशुभ्र जातात. काच रोज सकाळी कोरी असते. खारू दारातूनच तिच्याकडे एकदा बघते आणि दप्तर घेऊन निघते.

पण परवा थंडी पडली होती. गाडीवर दव साचले होते आणि सगळी काच धुरकट झाली होती. फक्त जिथे तो डाग इतके दिवस रोज वाळत आला होता, तिथे दव धरले नव्हते. धुरकट काचेवर रुंद तळहात आणि पाच बोटे स्पष्ट उमटली होती. मालकीणबाई नवे फडके घेऊन आल्या आणि त्यांचा हात वरच राहिला. खारू मागे उभी होती.

मालकीणबाईंनी फडके खाली ठेवले. खारूला जवळ घेऊन त्या पायरीवर बसल्या. फेरीला उशीर होत होता, पण त्या उठल्या नाहीत. ऊन वर आले, दव गेले आणि हातही गेला. मग त्यांनी गाडी काढली.

मित्रांनो, नवी गाडी आली तर मागच्या टाकीत साधे पाणीच घाला आणि नळीचा खटका नीट बसला आहे ना ते पाहा. आमच्यासारख्या जुन्या कपड्यांना टाकून देण्याआधी आमच्या खिशाला एकदा कान लावा. आणि घरातले कोणी हसत येऊन म्हणाले की गंमत आहे, चल दाखवतो, तर हातातली इस्त्री बाजूला ठेवा आणि तेव्हाच्या तेव्हा जाऊन बघा.