पंगतीत वाघूर

रविवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी धुळ्यातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर तीन परीक्षार्थींनी एकमेकींना एकाच प्रश्नाचं उत्तर विचारलं. तिघींचं उत्तर सारखंच होतं आणि ते चुकलेलं होतं.

प्रश्न भूगोलाचा होता. तापीला डाव्या तीरावर मिळणाऱ्या चार नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमाने लावायच्या होत्या. बरोबर क्रम वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. तिघींनी गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर या पर्यायाचा गोल काळा केला होता. तिघींच्या खोल्या वेगळ्या होत्या, बाक वेगळे होते. तबस्सुमने पिशवीतून घडीचा नकाशा काढून फाटकाच्या खांबावर धरला, वाघूरवर बोट ठेवलं आणि तिला हसू फुटलं. मग दिपमाला हसली. पुनम सगळ्यांत शेवटी हसली, पण तिचं हसू थांबेना. बंदोबस्तावरचा पोलीस जवळ येऊन विचारून गेला, पेपर एवढा सोपा होता का.

चुकीचं मूळ शिंदखेड्यात होतं. तिथे एका घराच्या ओट्यावर वच्छलाबाई बसतात. त्या पुनमच्या सासू, दिपमालाची आई आणि तबस्सुमच्या शेजारीण. तबस्सुमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे.

तिघी राज्यसेवेतल्या अधिकारी पदांसाठी संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करत होत्या. पुनम लग्न होऊन असोद्याहून आली तेव्हा तिने दोन पेट्या आणल्या, त्यातली एक पुस्तकांची होती. नवरा प्रेमराज सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे. लग्नाआधीच ठरलं होतं की पुनमने शिंदखेड्यात राहून ही एक परीक्षा द्यायची. पूर्व परीक्षा निघाली तर मुख्य परीक्षेपर्यंत इथेच अभ्यास करायचा. नाही निघाली तर पुस्तकं बांधून सुरतेला जायचं. प्रेमराजने हे कुरकुर न करता मान्य केलं होतं आणि पुनमनेही.

सासूची अट वेगळी होती. अभ्यासाला त्यांची ना नव्हती, पण हात रिकामे दिसता कामा नयेत आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही; जे वाचाल ते मला ऐकू आलं पाहिजे. वच्छलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. आपल्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळू नये, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. त्यामुळे थंडीत शेंगा फोडताना तिघींचा इतिहास झाला आणि उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, थापताना अर्थशास्त्र. एकजण सांगायची, बाकीच्या ऐकायच्या आणि वच्छलाबाई प्रश्न विचारायच्या. त्यांचे प्रश्न लोकसेवा आयोगाच्या प्रश्नांपेक्षा अवघड असतात, असं तबस्सुमचं मत होतं.

पानिपतची तिसरी लढाई त्यांनी दुपारच्या पुढे जाऊच दिली नाही. सकाळी सगळं बरं चाललं होतं ना, मग आज इथेच थांबा, असं म्हणून त्यांनी शेंगांची टोपली उचलली. दुसऱ्या दिवशी लढाई पुन्हा सकाळपासून सुरू करावी लागली. भाव वाढला की मागणी घटते, हा नियम तबस्सुमने सांगितला तेव्हा त्यांनी लग्नसराईतल्या सोन्याचं काय, असं विचारलं. तबस्सुम म्हणाली, तो अपवाद आहे. त्या दिवसापासून 'अपवाद' हा शब्द घरात रुळला. दिपमालाने चहात साखर जास्त घातली तरी ती अपवाद म्हणून सुटायची.

नद्यांचा क्रम मात्र पाठ होईना. तेव्हा वच्छलाबाईंनी तो लावून दिला. तापी ही सासू. डाव्या हाताला तिच्या सुना ओळीने जेवायला बसल्या आहेत. पहिल्या पाटावर गिरणा, तिच्या शेजारी बोरी, मग पांझरा. बुराई नदी आपल्या गावचीच, ती वाढायला उभी. पुनमने हळूच वाघूरचं नाव काढलं. वच्छलाबाई म्हणाल्या, तिला बसव शेवटी, पांझरेच्या पलीकडे. बुराईच्या हातून कुणाच्या पानात काय पडलं, याच्या गोष्टी त्यांनी पुढे रोज रचल्या. गिरणेला पुरणपोळी, पांझरेला भाताचा डोंगर, वाघूरपर्यंत येईतो कढी संपलेली. नकाशा भिंतीवर होताच, तिघींनी तो पाहिलाही होता. पण परीक्षेच्या खोलीत तिघींना दिसली ती पंगत.

फाटकाबाहेर हसून झाल्यावर तबस्सुमने पुनमला टोमणा मारला. "तू असोद्याची. वाघूर तुझ्या घरापासून चार कोसांवर. आम्ही चुकलो ते समजू शकते, तू कशी चुकलीस?"

पुनम म्हणाली, "मला माहीत होतं."

तेवढ्यात शिंदखेड्याची एसटी आली. बसमध्ये तिघींचं एवढंच ठरलं की हे वच्छलाबाईंच्या कानावर घालायचं नाही. एका गुणाने काय होतंय.

बुधवारी आयोगाची पहिली उत्तरतालिका आली. तबस्सुमचे गुण पुरेसे होते. दिपमालाचे इतके कमी होते की तिने लगेच पुढच्या वर्षाची तयारी जाहीर केली आणि निवांत झाली. पुनमने दोनदा मोजले. जळगावच्या क्लासवाल्यांनी पात्र ठरण्याची जी रेषा सांगितली होती, तिच्यावर ती नेमकी उभी होती. एक प्रश्न बरोबर असता तर रेषेच्या वर असती.

ठरलेली गोष्ट दिपमालाच्या पोटात राहिली नाही. संध्याकाळी ओट्यावर मूग निवडताना ती सहज बोलल्यासारखं बोलून गेली, "माय, तुन्ही गिरणा माले नही नडनी, वहिनीले नडनी."

वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं. काय झालं ते त्यांनी दिपमालाकडून सगळं काढून घेतलं. नकाशा मागवला. तबस्सुमने वाघूर दाखवली, तापीला मिळते ती जागा दाखवली, मग त्याच्या पश्चिमेला गिरणेची जागा दाखवली. त्यांनी दोन्ही ठिकाणी बोट ठेवून पाहिलं. नंतर त्या पुनमकडे वळल्या.

"तू तं असोदानी. तुले माहीत व्हतं?"

"होतं."

"मंग बोलनी काबर नही?"

पुनम म्हणाली, "आई, तेव्हा मला या घरात येऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही तुमच्या माहेरची नदी पहिल्या पाटावर बसवलीत. तिला उठवून मी माझ्या माहेरची कशी बसवू?"

वच्छलाबाई सूप उचलून आत गेल्या. त्यांचं माहेर गिरणाकाठी, जळगावच्या अलीकडे आहे. गुरुवारी त्या ओट्यावर आल्या नाहीत. शुक्रवारी आल्या, पण मुगाचं सूप घेऊन पाठमोऱ्या बसल्या. तबस्सुमने मुद्दाम आवाज चढवून पंचवार्षिक योजना वाचली. मधूनच चुकीचं साल टाकलं. काही प्रतिसाद आला नाही. तिघींना हे गुणांपेक्षा जड गेलं. सुरतेहून प्रेमराजचा फोन आला तेव्हा त्याला पुनमने गुण सांगितले आणि सासूबाईंचं मौनही सांगितलं. त्याने आधी मौनाची चौकशी केली.

शनिवारी सकाळी वच्छलाबाई आपण होऊन बोलल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्या हिशेब मांडावा तशा बोलत होत्या. शिंदखेड्याहून गाडीत बसलं की बेटावदला पांझरा लागते, अमळनेरला बोरी, पाळधी सोडल्यावर गिरणा. मग जळगावला उतरायचं. लग्न झाल्यापासून त्या याच वाटेने माहेरी जात आल्या. जळगावच्या पुढे त्या कधी गेल्याच नाहीत; पुनमचं लग्नसुद्धा धुळ्याच्या मंगल कार्यालयात लागलं.

"मी वाघूर देखेलच नही," त्या म्हणाल्या. "जी देखेल नही तिले पहिली कशी बसाडू?"

पुनमने त्याच दिवशी भुसावळची चार तिकिटं काढली.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरमध्ये चौघींना समोरासमोर जागा मिळाली. वच्छलाबाई खिडकीशी. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि रुमालाच्या गाठीत कुंकू आणि एक नाणं बांधलं होतं. पांझरेला पाणी होतं, बोरीला बेताचं. प्रत्येक पुलावर त्या नदीचं नाव मोठ्याने घेत होत्या, जणू हजेरी चालली होती. पलीकडच्या बाकावर भुसावळला निघालेले एक गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली करून विचारलं, आजी, परीक्षेला चालल्या का?

"नापास व्हयनी, म्हनीसन देखाले चालनी," वच्छलाबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी पेपर घडी करून ठेवला. त्यानंतर पंगतीची गोष्ट डबाभर झाली आणि कोणी फारसं वाचलं नाही. कुणीतरी अनेर नदी विसरलात म्हणालं. दिपमालाने त्याला ऐकवलं की अनेर सातपुड्याची, ती उजव्या हाताच्या पंगतीत. एका बाईने आपल्या शिरपूरच्या अरुणावतीला कोणत्या पाटावर बसवलं ते विचारून घेतलं. गिरणेचा पूल आला तेव्हा सगळ्या डब्याने वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले आणि नदीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाल्या, आज थांबणार नाही, पुढे काम आहे.

जळगाव आलं आणि त्या सवयीने उठल्या. पिशवी उचलली, चपला सरकवल्या, दाराकडे दोन पावलं गेल्यासुद्धा. दिपमालाने पदर धरून त्यांना मागे बसवलं. पुनमने सांगितलं, जळगावला तुम्ही बहिणीकडे जाता ना, तिथल्या नळाला येतं ते पाणी वाघूरचंच आहे. वच्छलाबाईंनी हे मनात कुठेतरी ठेवून दिलं. गाडी हलली.  केळीच्या बागा मागे जात होत्या, त्यांच्याकडे वच्छलाबाई नवख्या माणसासारख्या बघत होत्या. भादली स्टेशन गेल्यावर पुनमने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, आली.

पूल लहानच होता. खाली गढूळ पाणी, काठाला बाभळी, दोन म्हशी. वच्छलाबाईंनी गाठ सोडली, कुंकू आणि नाणं खिडकीतून टाकलं. तबस्सुमने त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता. पूल संपला.

"इतलीशी?" त्या म्हणाल्या.

पुनम म्हणाली, "पावसात मोठी होते, आई."

"पाऊसच शे आते."

 वच्छलाबाईंचा चेहरा बुधवारनंतर पहिल्यांदा खुलला. त्या मागे टेकल्या, पदर सारखा केला आणि निकाल देऊन टाकला. "बसू दे तिले पहिली. मोठी तं गिरणाच शे." पलीकडचे गृहस्थ म्हणाले, हे बरोबर. डब्यातल्या सगळ्या लोकांनी ते मान्य केलं.

भुसावळला चहा पिऊन चौघी मागे फिरल्या आणि रिक्षाने असोद्याला गेल्या. पुनमची आई प्रमिलाबाई यांना सकाळीच फोनवरून कळवलं होतं. वरणबट्टी तयार होती. लग्नात दोघी विहिणींचं धड बोलणं झालं नव्हतं. ते त्या दुपारी झालं. पंगत बसली तेव्हा प्रमिलाबाईंनी पहिला पाट वच्छलाबाईंना दिला. त्यांनी तो पुनमकडे सरकवला. पुनम नको म्हणाली. सासू असताना सून पहिल्या पाटावर बसत नाही, असं प्रमिलाबाईही म्हणाल्या. वच्छलाबाई म्हणाल्या, अपवाद. पुनमला बसावं लागलं. बट्टीवर तूप घालताना दिपमालाने वाघूर, वाघूर म्हणून तिला हाक मारली, ती आता तिला तशीच हाक मारते.

सोमवारी ओट्यावर अभ्यास पूर्ववत सुरू झाला. तबस्सुमने मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम वाचून दाखवला. वच्छलाबाईंनी दोन बदल केले. यापुढे त्या कुठलीही गोष्ट रचण्याआधी नकाशा मांडीवर घेतील. आणि कुणाला त्यांची चूक दिसली तर त्याच वेळी बोलायचं, मग ती कालच आलेली सून का असेना. हा नियम त्यांनी पुनमकडून मोठ्याने म्हणून घेतला. लगेच पुनमने त्यांची एक चूक काढली: पानिपत सकाळीही फारसं बरं चाललं नव्हतं. वच्छलाबाईंनी तो मुद्दा विचारार्थ ठेवून घेतला.

दुसरी उत्तरतालिका पंधरवड्यानंतर आली. इतिहासाचा एक प्रश्न रद्द झाला होता. तो पुनमचा चुकलेला होता. त्यामुळे ती रेषेच्या वर गेली की रेषाच सरकली, यावर जळगावच्या क्लासवाल्यांचं एकमत झालेलं नाही. नद्यांच्या प्रश्नाचं उत्तर बदललेलं नाही, आणि वच्छलाबाईंनी त्यावर हरकत घेण्याची सूचना स्वतःच फेटाळली. त्या म्हणाल्या, मी बघून आले आहे.

प्रेमराजने सुरतेची खोली बघून ठेवली आहे. निकाल लागेपर्यंत घरमालकाला थांबवतो, असं त्याने कळवलं आहे. फोनवर तो हल्ली आधी एक नदी विचारतो, मग तब्येत.

ठरल्याप्रमाणे पुनमने बॅग काढून अर्धी भरली. खाली साड्या, वर भूगोलाचं पुस्तक. काल दुपारी वच्छलाबाईंनी पुस्तक बाहेर काढून ओट्यावर ठेवलं आणि त्या जागेत डब्यातले बिबडे रचले. ते सुरतेला पाठवायचे आहेत की पुनमसोबत जायचे आहेत, असं दिपमालाने विचारलं. त्यांनी आणखी दोन बिबडे रचले. आज सकाळी अकरापर्यंत आयोगाच्या संकेतस्थळावर निकाल आलेला नव्हता. बॅगेची चेन उघडीच होती.