दांड्यावरचं पाणी

“लाव गं बाई, लाव. एक माझ्या कपाळावर पण लाव!” काकूने सुई दातांत धरली होती, तरी तिचे शब्द पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत पोचले.

मापकबाईंनी लाँचच्या कडेवर गुडघा टेकून काकूच्या होडीवर नोटीस चिकटवली. चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले. एकोणतीस वर्षं जलमार्ग विभागात पाण्याची खोली मोजण्याचं काम केल्यामुळे नोटीस चिकटवतानाही ती सरळ बसली आहे ना, हे त्यांनी मान वाकडी करून पाहिलं.

काकू त्या होडीतच राहायची. खाडीतल्या यच्चयावत होड्यांची ताडपत्र्यांची आच्छादनं तीच शिवायची. नवरा गेल्यापासून होडी हेच घर आणि होडी हेच दुकान.

“आता वाचूनही दाखव. चष्मा खाली राहिलाय.”

मापकबाईंनी वाचलं. अठरा तारखेला सकाळी दहा ते बारा या वेळेत प्रत्येक होडीने नांगर उचलून, स्वतःच्या इंजिनावर, खाडीबाहेरच्या तरंगत्या बोयापर्यंत जाऊन यावं. जी जाणार नाही ती बेवारस समजून ओढून नेली जाईल. नवीन मरिनासाठी, म्हणजे शौकिनांच्या बोटींच्या तळासाठी, जागा मोकळी करायची होती.

“बेवारस? अगं, मी वर बसून शिवतेय की!”

“कागदावर असंच आहे, काकू.”

“मग त्या कागदाला माझा चष्मा दे.” काकूने दोरा तोडला. “बरं, ते राहू दे. अठराला पाणी किती असेल?”

मापकबाईंनी बोटांवर तारखा मोजल्या. सकाळपासून त्यांनी सोळा नोटिसा लावल्या होत्या, ही सतरावी. त्यातली एकही लावताना अठरा तारखेला चंद्र कुठे असेल, याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. त्यांनी! ज्यांना बाजारात भाजी घेतानाही भरतीची वेळ तोंडपाठ असायची. अठराला अर्धा चंद्र. पूर्ण चंद्राला आणि अंधाऱ्या रात्रीला समुद्र उधाणतो, अर्ध्या चंद्राला अंग चोरून घेतो. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या भरतीला खाडीच्या तोंडावरच्या गाळाच्या दांड्यावर पाणी राहतं नव्वद सेंटिमीटर. काकूच्या होडीला एक मीटर दहा लागतं. बाकीच्यांना थोडं कमीजास्त, पण मीटरच्या आत कुणालाच भागत नाही.

“बोलत का नाहीस?”

“बघून सांगते,” मापकबाई म्हणाल्या. खोटं बोलल्याची त्यांना लगेच लाज वाटली. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

*

साहेब विभागात नवे होते, आवाजही चढवायचे नाहीत. त्यांनी भरतीचा तक्ता पुढे ओढला आणि अठरा तारखेवर पेन ठेवलं.

“हे काय, साडेदहाला भरती. मी बघूनच तारीख घेतलीय, बाई.”

“वेळ बघितलीत साहेब. उंची शेजारच्या रकान्यात आहे.”

साहेबांनी शेजारचा रकाना पाहिला. मग आधीचा आठवडा, मग पुढचा. त्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. “म्हणजे भरती भरतीत फरक असतो?”

“दीड मीटरचा. पंचवीस तारीख घ्या. उधाण आहे, सगळ्या आरामात जातील.”

साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर धक्क्यावर होड्या ओढून नेणाऱ्या टगबोटवाल्याची माणसं दोर मोजत होती. “टग ठरलाय. वर कळवून झालंय. आता तारीख बदलली तर मी काय कारण सांगू? मला तक्ता वाचता येत नाही?”

“हो,” मापकबाई म्हणाल्या. उद्धटपणा त्यांच्या मनात नव्हता. प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं.

साहेब वळले. “हे बघा, साक्षीदार म्हणून सही तुमची लागणार. होडी गेली की ‘गेली’, नाही गेली की ‘बेवारस’. का नाही गेली, हा रकानाच नाहीये. तुमचे किती महिने राहिलेत?”

“तीन महिने एकोणीस दिवस.”

“मग कशाला? सुखाने घरी जा ना.”

*

घरी त्यांचा नवरा मटार सोलत बसला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून त्याची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावरही दाणे मोठे-लहान असे दोन वाट्यांत वेगळे करायची खोड गेली नव्हती.

“सही केली नाही तर काय करतील?” त्याने विचारलं.

“चौकशी लावतील. पेन्शन अडकेल काही दिवस. कदाचित बरेच दिवस.”

“आणि केलीस तर?”

“सतरा होड्या जातील. काकू लेकीकडे जाईल. लेकीच्या घरात शिवणयंत्रालासुद्धा जागा नाही, काकूला कुठली असणार?” मापकबाई त्याच्यासमोर बसल्या आणि शेंगा ओढून घेतल्या. “अहो, सहा वर्षं मी दरवर्षी लिहिते आहे. दांड्यावर गाळ वाढला. दांड्यावर गाळ वाढला. उपसा करा. कुणी वाचलंच नाही. विभागाने वाट बुजवली आणि आता लोकांना म्हणतोय, बाहेर का येत नाही!”

“तू लिहिलंस. बोललीस कुठे?”

“मी कधी बोलते?”

“तेच तर. तुझं बोलणं म्हणजे दशांश चिन्हानंतर दोन आकडे, की संपलं.” त्याने मोठ्या दाण्यांच्या वाटीतला एक लहान दाणा निवडून पलीकडे टाकला. “वाचत नाहीत तर वाचून दाखव.”

“ओरडून?”

“लाँचवर कर्णा आहे ना? का तोही बेवारस?”

त्या हसल्या नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी सहा वर्षांच्या नोंदी एका कागदावर उतरवून घेतल्या, आणि तो कागद घडी न करता पिशवीत ठेवला.

*

अठराला दहाच्या ठोक्याला काकूने नांगर उचलला. साखळी चिखलाने माखली होती, ओढताना तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. “कुठल्याही म्हाताऱ्याला उठायला इतका वेळ लागतोच!” ती शेजारच्या होडीवर ओरडली. पाठोपाठ एकेक करत सगळ्यांची इंजिनं लागली. सतराच्या सतरा होड्या धूर सोडत खाडीच्या तोंडाकडे निघाल्या.

दांड्याशी विभागाची लाँच उभी होती. तांडेल सुकाणूवर, साहेब पुढे आणि मापकबाई मागे, गुडघ्यावर होड्यांच्या नोंदीचा तक्ता घेऊन. टग दांड्याच्या बाहेर बोयाजवळ थांबला होता. त्याला आत यायला दोन मीटर पाणी हवं होतं, पण ही गोष्ट टगवाल्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

काकूची होडी दांड्यावर आली, नाक वर झालं आणि थांबली. मागे पाणी ढवळून काळं झालं. काकूने इंजिन बंद केलं, तिथेच नांगर टाकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्यामागे बाकीच्या येऊन टेकल्या.

“लिहा, बाई,” साहेब हळूच म्हणाले. “पहिली, बेवारस.”

मापकबाईंनी लिहिलं. साहेबांनी वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं : ‘होडी चालू. मालकीण हजर. दांड्यावर पाणी ०.९० मीटर.’

“हे काय आहे?”

“जे आहे ते.”

“रकाना नाही म्हटलं ना!”

“मी आखलाय.”

मग त्यांनी पिशवीतून सहा वर्षांच्या नोंदींचा कागद आणि बाकाखालून कर्णा काढला. त्यांचा आवाज आला तो कोरडा, नेहमीचा, आकडे सांगण्याचा. “दांड्यावरची खोली, भांगाच्या भरतीला. सहा वर्षांपूर्वी एक मीटर ऐंशी. नंतर एक पासष्ट. एक पन्नास. एक चाळीस. एक तीस. एक दहा. आज शून्य पूर्णांक नव्वद. दरवर्षी उपसा सुचवला. उपसा झाला नाही. होड्या थांबल्या आहेत. होड्या सोडल्या कुणी नाहीत.”

 मग काकूने टाळी वाजवली. एकच, पण सणसणीत.

“उगाच बाऊ!” साहेब पहिल्यांदाच ओरडले. “एवढं काही उथळ नाहीये. तांडेल, लाँच घ्या पुढे. आपण जाऊन दाखवू.”

तांडेलाने मापकबाईंकडे पाहिलं.

“लाँचला मीटरभर लागतं, साहेब,” त्या म्हणाल्या.

“मी तांडेलाशी बोलतोय. चला!”

तांडेलाने खांदे उडवले आणि लाँच पुढे घातली. ती दहाबारा हात गेली, मग खालून कुणी पाय धरावा तशी थबकली. त्याने मागे घेऊन पाहिली. मागेही येईना. साडेदहा होऊन गेले होते. पाणी उतरायला लागलं होतं.

“आता?” साहेबांनी विचारलं.

“आता बारा तास,” तांडेल म्हणाला. “टगला आत येता येत नाही. साहेबांनी डबा आणलाय का?”

“आमच्याकडे या हो जेवायला!” काकू ओरडली. “पण आमच्या होड्या म्हणजे बेवारस बरं का, ताट-वाटी कुणाची ते विचारू नका!”

होड्यांवरून हशा उसळला. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पाणी चहूकडून मागे सरत होतं आणि आधी तपकिरी, मग काळा, मग चकचकीत असा दांडा वर येत होता. लाँच हळूहळू एका कुशीवर कलायला लागली.

मापकबाई एकेका होडीकडे बघत लिहीत होत्या. होडी चालू. मालक हजर. शून्य पूर्णांक नव्वद. सतरावी ओळ संपल्यावर त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पेनाचं टोक सहीच्या जागी टेकवलं.

“बाई.” साहेबांनी बाकाची कड पकडली होती. “आता सही करू नका. दुसरा तक्ता करू. तारीख बदलू. पंचवीस म्हणालात ना? लाँच अडकली हे कागदावर कशाला?”

“अठरावी ओळ म्हणून तीही लिहिली आहे,” मापकबाई म्हणाल्या आणि सही केली. पूर्ण नावाची, हुद्द्यासकट, वेळ घालून. मग तक्ता साहेबांपुढे धरला. “फाडायचा असेल तर तुम्ही फाडा. माझ्याने होणार नाही.”

साहेबांनी तो घेतला. सतरा होड्यांवरची माणसं बघत होती. लाँच आणखी कलली, कडेवरून गढूळ पाणी आत आलं, आणि एका हाताने बाक धरून त्यांनी दुसऱ्या हाताने तक्ता उंच धरला, भिजू नये म्हणून.

मापकबाई त्या तिरक्या फळीवर उभ्या होत्या, कशालाही न धरता.