पिल्लाला हात लावायचा नाही

वाळूची ती गुंडाळी — किड्याने चिखलातून वर लोटलेली, कुरडईसारखी, अजून ओली — औक्येच्या बुटाच्या टोकाशी होती, आणि ती तिच्याकडेच पाहत राहिली, कारण मान वर केली असती तर मागे उभ्या असलेल्या सगळ्यांचे चेहरे दिसले असते. आवाज पुन्हा आला. भरतीच्या पाण्याने कोरलेल्या चराच्या पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावरून, लांबट, चिरका. एरवी तो ऐकला की लोक दचकून विचारतात, तिकडे कुणाचं मूल आहे का, आणि ती हसून सांगते, नाही हो, सीलचं पिल्लू. आज कुणी विचारले नाही. सगळ्यांनी पाहिलेच होते — पट्ट्यावर निवांत पडलेल्या माद्यांनी एकदम माना वर केल्या, पोटावर सरपटत घाईघाईने पाण्यात गेल्या, आणि हे एक मागे राहिले.

वारा मागून होता, माणसांचा वास सीलांकडे नेणारा. मला ठाऊक होते वारा मागून आहे...

ठाऊक होते आणि तरी तिने चराच्या काठची वाट धरली. ओहोटीला समुद्राचा तळ उघडा पडला की लोकांना चिखलातून चालवत न्यायचे, पक्षी दाखवायचे, सील दाखवायचे पण लांबून, आणि भरतीच्या आत बांधावर परत आणायचे, हे तिचे वर्षानुवर्षांचे काम. काल एकही सील दिसले नव्हते. बूट धुताधुता एक गृहस्थ बायकोला म्हणाले होते, "म्हणजे एवढ्या लांब येऊन चिखलच बघितला म्हणायचा." साधे वाक्य, पण ते रात्रभर तिच्यात रुतून राहिले, आणि आज पाय आपोआप जवळच्या वाटेला लागले.

"आई येईल ना परत?" हिलेके म्हणाली. सत्तरी ओलांडलेली बाई, काठी रोवत सगळ्यांच्या बरोबरीने आलेली.

"येते. आपण लांब गेलो की येते."

"आणि नाही आली तर?" हा रुत्गर. सकाळपासून छातीवर भला मोठा कॅमेरा सांभाळत चाललेला. "मी उचलून आणतो त्याला. पाठपिशवीत मावेल."

"हात लावायचा नाही. उचललं तर आईला ते सापडणारच नाही."

"अहो बाई, आईला आपणच पळवलं. आता नियम सांगताय?"

तिने थोडे बाजूला जाऊन सीलांच्या राखणदाराला, तेयोला, फोन लावला आणि काय झाले ते सांगितले. वाट आपण बदलली, तेही सांगितले. तो मग म्हणाला, "माणसं हलव आधी तिथून. भरती आली तरी पिल्लू पोहतं, उद्यापर्यंत वाट बघू."

"उद्यापर्यंत?"

"औक्ये, सगळ्यांना तूच शिकवतेस की हे."

तीच शिकवते. अंतर राखा, मागे लागू नका, जवळ गेलात तर ते कायमचे दूर जाईल... हे शब्द नीन्केच्या समुपदेशकबाईंनीही जवळजवळ असेच उच्चारले होते. नीन्के, तिची सोळा वर्षांची मुलगी, वसंतात शहरात बापाकडे राहायला गेली, आणि जाताना दारातच म्हणाली, "तू येऊ नकोस तिकडे. फोनही करू नकोस." समुपदेशकबाई म्हणाल्या, तिला मोकळीक द्या, येईल. तेव्हा औक्येला बरे वाटले होते, लपवण्यात काय अर्थ आहे, कारण हे तिला येत होते. बाकीच्या आया दारावर धडका मारत असतील, रडत असतील. आपण दुर्बीण लावून तासन्‌तास हालचाल न करता बसू शकतो. वाढदिवसाला तिने पार्सल पाठवले आणि स्वतः गेली नाही. त्या संध्याकाळी तिला स्वतःचा चक्क अभिमान वाटला होता.

आणि गेल्या आठवड्यात नीन्केच्या बापाचा, श्यूर्डचा फोन. घटस्फोटानंतर तो तिच्याशी फार सांभाळून बोलतो. "नीन्के म्हणते, आई एकदाही आली नाही."

"तिनेच सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून."

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं."

चराच्या तळाशी पाण्याची एक जीभ आत सरकताना दिसली. "निघू या," ती म्हणाली, आणि नेहमीच्या, शांत, भरवशाच्या आवाजात पुढे बोलली, "एकामागून एक. माझ्या पावलांवर पाऊल ठेवून."

चालताना आवाज मागून येतच राहिला. कधी वारा तो तोडून टाकी, आणि त्या मधल्या शांततेत आपण सगळेच कान देऊन चाललो आहोत हे तिला कळे. हिलेके तिच्या बरोबरीला आली.

"तुला मुलं आहेत, बाळ?"

"एक मुलगी. बापाकडे असते."

"लांब?"

"नाही. तासाभरावर."

म्हातारीने मान हलवली आणि काठी पुढच्या चिखलात रोवली. एवढेच. तिने काही म्हटले असते तर बरे झाले असते, औक्येला वाटले. म्हटले असते तर मला खोडून काढता आले असते.

बांधावर सगळ्यांनी बूट खरवडले. कॉफी आली, सफरचंदाचा केक आला, कुणी हलक्या आवाजात हसलेसुद्धा. औक्ये दुर्बिणीपाशी गेली. पट्टा निम्मा पाण्याखाली होता. पिल्लू जिथे होते तिथे आता करडे, हलणारे पाणी, आणि त्या पाण्यात एक काळा ठिपका, दोन, की लाट... दोन म्हणावेत तर एक होई.

रुत्गर कप घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा आवाज मघासारखा नव्हता. "मी तिकडे जरा जास्तच बोललो. आली असेल ना ती?"

येते, हा शब्द तिच्या ओठांवर तयारच होता. इतक्या वर्षांत शेकडो लोकांना तिने तो दिला होता, आणि लोक तो घेऊन निर्धास्त घरी गेले होते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तो कप घेऊन परत गेला. ती डोळा काचेला लावून तशीच उभी राहिली. आजवर तिने हे अंतर नेहमी इकडून मोजले होते. इकडून ते संयमासारखे दिसे, मायेसारखेही दिसे. वाळूवर पडून, मान उंचावून, तिकडून पाहिले तर ते कसे दिसत असेल, हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते... तिकडून दिसत असतील फक्त पाठी. एका ओळीत, न थांबता, लहान लहान होत जाणाऱ्या, आणि सर्वांत पुढची पाठ माझी.