राखून ठेवलेली भिंत

प्रबुद्धने काळ्या शीटचा तिसरा तुकडा हॉलच्या भिंतीवर तळहातांनी दाबून बसवला, दोन पावलं मागे सरकला आणि टाळी वाजवली. मग मान तिरकी करून ऐकत उभा राहिला. स्वयंपाकघरात पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत बसलेल्या संघप्रियाने दारातून डोकं बाहेर काढलं.

"आता कोणाला बोलावून राहिले?"

"आवाज पाहतोय. अजून घुमतो, त्या कोपऱ्यात."

"घुमणारच. घरात दुसरं राहिलं काय आता?"

तिचं खोटं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी जुनं सामान विकत घेणारा तौकीर पिकअप घेऊन आला आणि सोफा, जेवणाचं टेबल, कार्पेट सगळं एका खेपेत घेऊन गेला. फ्रिज खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेला. आखाती देशातल्या, माहूज भागातल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये नांदतं घर म्हणावं अशी एकच भिंत उरली होती. तिच्यावर बाबासाहेबांचा फोटो, खाली स्टुलावर बुद्धाची मूर्ती, बाजूला निळा पडदा आणि पुस्तकांचं अर्धं कपाट. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लीड्सहून श्रावस्तीचा व्हिडिओ कॉल यायचा, तेव्हा फोनच्या चौकटीत मावायचं तेवढं घर प्रबुद्धने राखून ठेवलं होतं. चौकटीबाहेरचं त्याने विकलं, वाटलं, नाहीतर खोक्यात भरलं.

तुबलीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये तो चोवीस वर्षं एसीची हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे डक्ट बसवत आणि दुरुस्त करत आला होता, तिथलं काम मार्चमध्येच संपलं होतं. कंपनीने एकतीस मेपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर व्हिसा खलास. त्याचाही, संघप्रियाचाही, आणि त्याच्याच व्हिसावर असलेल्या श्रावस्तीचाही. पोरगी डिग्रीचं शेवटचं सेमिस्टर करायला जानेवारीत एक बॅग घेऊन इंग्लंडला गेली होती आणि सहा जूनच्या तिकिटावर इथेच परत यायची होती. याच घरात ती रांगली होती, याच घरातून स्कूल बसला धावली होती. आता सहा जूनला ती विमानतळावर उतरली तरी बाहेर पडू शकणार नव्हती. आणि हे तिला माहीत नव्हतं.

"शेवटचा पेपर होऊ दे, मग सांगू," हे प्रबुद्धने ठरवून टाकलं होतं. त्याला कारणही होतं. श्रावस्ती दहावीत असताना संघप्रियाला अपेंडिक्ससाठी अॅडमिट केल्याचं कळलं, तेव्हा ही बया गणिताचा पेपर अर्धा टाकून टॅक्सीने हॉस्पिटलात हजर झाली होती. तेव्हा ते निभावलं. इंग्लंडमध्ये असं केलं तर निभावणार नाही, अशी त्याला धास्ती होती.

"अठरा तारखेला तिचा दुसरा पेपर," संघप्रिया दारातच उभी राहून म्हणाली. "मग अठ्ठावीसला शेवटचा. मधात नऊ दिवस रिकामे आहेत. सांगून टाका. दोन दिवस येऊन जाईल पोरगी. घर काय फक्त आपलं आहे?"

"आली तर जाईल का परत?"

"जाईल. मोठी झाली ती."

"तू ओळखत नाहीस तिला."

यावर संघप्रिया हसली, कारण हे वाक्य तिच्या तोंडी शोभलं असतं. ती पातेल्यांकडे वळली. नवरा एकदा हटून बसला की त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा भांडी बांधलेली बरी, हे ती लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात शिकली होती.

गेल्या शुक्रवारी मात्र बिंग फुटायची वेळ आली होती. नेहमीप्रमाणे तिघांनी हात जोडून वंदना सुरू केली. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं आणि दुसऱ्या शीलावर श्रावस्ती मध्येच थांबली. स्क्रीनवर तिचे हात जोडलेले होते, पण डोळे उघडले होते.

"पप्पा, तुमचा आवाज... यू साउंड डिफरंट. जणू मोठ्या हॉलमध्ये बसलाय."

"मोबाइल जुना झाला, बेटा."

"ओके," ती म्हणाली आणि तिसरं शील तिने स्वतःच सुरू केलं.

कॉल संपल्यावर प्रबुद्धने हॉलच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली. त्याने कपाळाला हात लावला. जिन्यातून चढताना कुठल्या मजल्यावरचा कॉम्प्रेसर चार दिवसांत बंद पडणार हे नुसतं ऐकून सांगणारा माणूस तो. वर्कशॉपमधला मयुरेश त्याला गमतीने डॉक्टर म्हणायचा. चौकटीत दिसणारं सगळं त्याने जपलं, पण रिकामी खोली बोलते, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. म्हणून आता हा उपद्व्याप. डक्टमधला हवेचा आवाज मारायला आतून लावतात ती काळी, स्पंजासारखी शीट त्याने वर्कशॉपच्या भंगारातून आणली होती. फोनच्या चौकटीत न येणाऱ्या तिन्ही भिंतींना त्याने ती लावली आणि उरलेल्या जागेत दोन गोधड्या खिळ्यांना टांगल्या. शेवटची टाळी वाजवली तेव्हा ती जागच्या जागी विरून गेली.

"झालं," तो समाधानाने म्हणाला.

"फोनमधून पाहिलं तर घर आणि इकडून गोदाम," संघप्रिया म्हणाली. पण पाच वाजता तिनेही केस विंचरले, धुतलेला ड्रेस घातला आणि त्याच्याशेजारी सतरंजीवर येऊन बसली.

त्या संध्याकाळी श्रावस्तीने काही विचारलं नाही. ती अभ्यासाबद्दल बोलली, लायब्ररीत रात्री हीटर बंद करतात म्हणून कुरकुरली. हॉस्टेलमधल्या मुली एकेक करून घरी निघाल्यात, कॉरिडॉरमध्ये खोकी पडलीत, असं म्हणाली. मग तिने विचारलं, "मम्मी, तू आज काय बनवलंस?" संघप्रियाने वांग्याची भाजी सांगितली. खरं तर गॅसही त्याच सकाळी गेला होता आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पराठे आले होते. श्रावस्ती थोडा वेळ दोघांकडे पाहत राहिली. "नाइस," ती म्हणाली.

मधले नऊ दिवस एकेक करून गेले. प्रबुद्धने तिच्या खोलीतला पलंग खोलला, फळ्या बांधून खाली दिल्या. पलंगाच्या डोक्याकडच्या भागावर, छतातल्या एसीच्या जाळीला त्याने कधीकाळी पत्र्याची एक वाकवलेली पट्टी बसवली होती. श्रावस्ती सहा वर्षांची असताना एसीची हवा थेट तिच्या तोंडावर यायची आणि दर पंधरा दिवसांनी घसा धरायचा, म्हणून. कडा हात लावला तरी लागू नयेत इतक्या घासल्या होत्या. त्या दिवशी त्याने वर पाहिलं, पेचकस हातात घेतला आणि परत खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं पेटीसकट मयुरेशला देऊन टाकली. घरी परतताना त्याला वाटलं की आपण तिच्यापासून घर लपवत नाही, तिचं घर चोरतोय. ते त्याने संघप्रियाला सांगितलं नाही. ती "मग सांगा तिला" म्हणाली असती.

अठ्ठावीस तारखेला दुपारी मेसेज आला, 'डन!' आणि खाली नाचणारी बाहुली. संघप्रियाने फोन छातीशी धरला. प्रबुद्ध बाल्कनीत गेला आणि उन्हात बराच वेळ उगाच उभा राहिला.

शुक्रवारी पाच वाजता दोघं भिंतीपुढे बसले. काय बोलायचं ते प्रबुद्धने मनात तीनदा घोकलं होतं. आधी अभिनंदन, मग कंपनीचं, मग एकदम तिकिटाचं, म्हणजे रडायला वेळच मिळणार नाही. स्क्रीनवर श्रावस्ती आली. तिच्यामागचा पलंग उघडा होता, गादीवर चादर नव्हती.

"वंदना घेऊ आधी," ती म्हणाली. मराठीत.

एरवी वंदना सोडली तर पोरगी एक-दोन इंग्रजी शब्द घातल्याशिवाय फारसं बोलत नसे. तिघांनी हात जोडले. काळ्या शीटमध्ये आवाज मुरत गेले. शेवटचं 'साधू' म्हणून झालं आणि प्रबुद्धने घसा साफ केला.

"बेटा, एक गोष्ट..."

"पप्पा, भिंतींना काय लावलंय?"

त्याने नकळत समोरच्या काळ्या भिंतीकडे पाहिलं.

"तीन आठवड्यांपूर्वी आवाज घुमत होता. मग एकदम मऊ झाला. इतका मऊ तर सोफा होता तेव्हाही नव्हता." ती हसली. "डक्टची शीट ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच शिकवलंय, ऐकायचं कसं ते. पहिल्या दिवशी वाटलं, कार्पेट धुवायला दिलं असेल. मग तुम्ही मोबाइल जुना झाला म्हणालात. पप्पा, तुम्हाला खोटं बोलताच येत नाही. घर कधीपर्यंत आहे?"

"परवा रात्रीची फ्लाइट," संघप्रिया म्हणाली. "मुंबई, मग नागपूर. तुझं तिकीट..."

"बदललं मी. घर रिकामं केलं म्हणजे गावीच जाणार, हे कळलं. तीन जूनला नागपूर."

"मग आली का नाहीस?" प्रबुद्ध एकदम बोलला. "मधे दिवस होते. यायचं ना. मी... मी रोज म्हणत होतो, सांगावं..."

"तिकीट काढून ठेवलं होतं. वीस तारखेचं." तिने डोळे पुसले. "मग त्या शुक्रवारी पाहिलं, तुम्ही दोघं एवढं तयार होऊन बसलात, मम्मी वांग्याची भाजी म्हणाली. मी आले असते तर माझ्यासाठी राखलेली ही भिंत पण तुम्हाला तेव्हाच काढावी लागली असती. रद्द केलं."

खाली कुणाची तरी गाडी हॉर्न देऊन गेली.

"आता घर दाखवा," श्रावस्ती म्हणाली.

प्रबुद्धने कॅमेरा उलटा केला. त्याने तिला हॉल दाखवला, काळ्या शीट आणि लटकत्या गोधड्यांसकट. त्यावर ती मोठ्याने हसली. स्वयंपाकघराचा रिकामा ओटा दाखवला, फ्रिजच्या जागेचा मळकट चौकोन दाखवला. मग तो तिच्या खोलीच्या दारात थांबला. आत काहीच नव्हतं. पलंगाच्या चार पायांचे फरशीवर उमटलेले डाग तेवढे होते.

"मला खाली ठेवा, पप्पा."

"काय?"

"उशीच्या जागेवर. स्क्रीन वर करून."

त्याने कॅमेरा सरळ केला आणि फोन फरशीवर, जिथे तिचं डोकं असायचं तिथे ठेवला. श्रावस्ती मान मागे टाकून वर पाहत राहिली. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. फरशीवरून आवाज आला.

"पट्टी अजून आहे."

"हो."

"ती घरमालकाची नाही. आपली आहे."

प्रबुद्धला आठवलं की पाना नाही, पेचकस नाही, काहीच नाही. संघप्रियाने न सांगता एका खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि भाजीची सुरी आणून दिली. त्याने पालथ्या बादलीवर चढून सुरीचं टोक स्क्रूच्या खाचेत घातलं. एक स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता. त्याने जोर लावला आणि जाळी हलली, तशी सोळा वर्षांची धूळ भुरभुरत सरळ खाली फोनवर पडली.

तिकडे लीड्समध्ये श्रावस्तीने चटकन डोळे मिटून घेतले.