मास्तरांनी खणलेला खड्डा

मास्तरांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून काढला. स्कूल विकून घरी आले, तरी जेवताना समोरच्याने घाईने घास घेतला की टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेक शोधायचा. त्यांची बायको, म्हणजे घरातल्या सुनेच्या सासूबाई, म्हणायच्या, "आता मला चालवू नका, मला येतं."

अशात एके दिवशी त्यांनी शहराबाहेरच्या टेकडीवर जमीन घेतली आणि जाहीर केलं, "रबराची झाडं लावणार! आयुष्यभर टायर झिजवले, आता टायरच्या मुळाशीच जातो."

"पण त्या जमिनीत रबर येईल का?" सासूबाईंनी विचारलं.

"ते बघायला घरात आहे की माणूस," म्हणून मास्तरांनी सुनेकडे बोट दाखवलं.

सूनबाई मृदा खात्यात होती. कोणत्या जमिनीत कोणतं झाड तग धरेल, हे माती तपासून सांगायचं तिचं काम. ऑफिसात तिला सगळे 'माती मॅडम' म्हणत. परक्याच्या जमिनीला 'नाही' म्हणताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. पण अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, तसं इथे सासऱ्यांची हौस आणि सून परीक्षक!

सुटीच्या दिवशी दोघं टेकडीवर गेली. तिच्या खांद्यावर माती काढायचं लांब गिरमिट, त्यांच्या हातात चहाचा थर्मास. मास्तर आधीच हवेत होते. "ही वरची बाजू बघ. काय लालभडक माती आहे! इथे पहिली रांग."

तिने गिरमिट लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. गुडघाभर गेलं आणि खाडकन आवाज आला.

"एखादा धोंडा असेल. जरा उजवीकडे घे," मास्तर म्हणाले.

उजवीकडे घेतलं. खाडकन. आणखी पुढे. पुन्हा खाडकन. वर लाल माती, खाली पत्र्यासारखा कातळ. शिवाय तिथली झुडपंसुद्धा सगळी एकाच अंगाला झुकलेली. वारा किती माजोरी असतो ते सांगायला दुसरा साक्षीदार नको. रबराचं खोड नाजूक, वाऱ्याने मोडतं.

खालच्या सखल भागात गिरमिट लोण्यात सुरी जावी तसं गेलं. वर आली ती राखाडी, चिकट माती, मधेमधे गंजासारखे ठिपके. भोकात बघता बघता पाणी साचलं.

"वा, पाण्याची ददात नाही!" मास्तर खूश.

"बाबा, रबराला पाऊस भरपूर लागतो, पण पाण्यात पाय सोडून बसायला आवडत नाही. मुळं कुजतात."

मधल्या उतारावर मात्र तिचा चेहरा उजळला. गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं. माती भुसभुशीत, निचरा उत्तम, आंबटपणाही रबराला मानवेल असा. "हा पट्टा फर्स्ट क्लास आहे," ती म्हणाली.

"आणि बाकीचं?"

ती गिरमिटाला लागलेली माती पुसू लागली. आदल्या रात्री नवऱ्याने सुचवलं होतं, 'जरा मोठ्या मनाने मोजता येणार नाही का गं?' क्षणभर तिलाही वाटलं, म्हणावं की वरही चालेल. काय बिघडतं? पण चीक मिळायलाच सहा-सात वर्षं जाणार. तोवर मास्तर रोज चढून यायचे, झाडांना गोंजारायचे, आणि झाडं खुरटलेलीच राहायची.

"बाकीचं नाही, बाबा. वरही नाही आणि खालीही नाही."

"घरच्या माणसाला काही सवलत?"

"मला दिली होती तुम्ही? लग्न ठरलेलं असताना तुमच्याच स्कूलमध्ये शिकत होते, तरी टेस्टला पाठवलं नव्हतं. म्हणाला होतात, रिव्हर्स येत नाही तोवर लायसन्सचं नाव काढायचं नाही."

मास्तरांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि तरातरा गाडीकडे निघाले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर घरात अबोला. मास्तर सुनेशी सासूबाईंमार्फत बोलू लागले. "अगं, तिला सांग, भाजी खारट झालीय."

"भाजी मी केलीय," सासूबाई म्हणाल्या. "आता कुणाला सांगू?"

आणि एका सकाळी मास्तर गायब. गाडी नाही, मागच्या पडवीतली कुदळ नाही, फावडं नाही. फोन घरातच, चार्जिंगला लावलेला. दुपार कलली तशी सासूबाईंनी पायांत चपला सरकवल्या. "टेकडीवरच असणार. चल, रिक्षा कर."

वरचा भाग बघून दोघी थबकल्या. मास्तरांनी तिथे जागोजागी खणलं होतं आणि प्रत्येक खड्डा गुडघ्याशी थांबला होता. माणूस मात्र कुठे दिसेना. सुनेने जिवाच्या आकांताने हाक मारली, "बाबा!"

"ओरडू नकोस," उत्तर जमिनीतून आलं. "इथे आहे मी."

आवाज मधल्या पट्ट्यातून येत होता. दोघी धावल्या. मास्तर खड्ड्यात उभे, कपाळापर्यंत मातीने माखलेले, फक्त डोकं बाहेर.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" सासूबाईंना हसावं की रडावं कळेना.

"वर दगड लागला, ते ठीक," मास्तर पुटपुटले. "म्हटलं, इथेही लागेल. मग हिचं सगळंच खोटं ठरलं असतं. खणत गेलो, खणत गेलो, आणि लागेचना! आता कडेला हात टेकला की कड ढासळते."

सून मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर खड्ड्याच्या भिंतीवर खिळली होती. "बाबा, तुमच्या पाठीमागे बघा. गवताची मुळं कुठवर गेलीत!" आणि भान विसरून तिने सरळ आत उडी घेतली.

"झालं!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता दोघांना कोण काढणार?"

आत दोघांना जेमतेम उभं राहता येत होतं. सुनेने मातीचं ढेकूळ त्यांच्या हातात दिलं. "चुरा. बघा कसं फुटतंय." मास्तरांनी चुरलं, नाकाशी नेलं.

"मी रागावलो होतो," ते ढेकळाकडे बघत म्हणाले.

"माहीत आहे. मीसुद्धा घाबरले होते. वर चालेल म्हणून टाकावं, असं मनात आलं होतं."

"म्हणाली असतीस, तर मी लावलं असतं," मास्तर म्हणाले, आणि मग खो खो हसू लागले. हसताना आणखी थोडी कड त्यांच्या डोक्यावर ढासळली.

शेवटी सुनेने फावड्याने भिंतीत रुंद पायऱ्या कोरल्या. "उजवा पाय आधी. सावकाश. वर बघा, खाली नको," ती सांगत होती आणि मास्तर निमूटपणे ऐकत होते. वरून सासूबाईंनी हात दिला.

पाऊस सुरू झाल्यावर मधल्या पट्ट्यात रबराची रोपं लागली. वरचा माळ गवताला सोडला. खालच्या पाणथळीवर सासूबाईंनी हक्क सांगितला. "मला बदकं पाळायची होती, तुम्ही विचारलं कधी?" बदकं आली. ती मास्तरांचं मुळीच ऐकत नाहीत.

शेजारच्या जमिनीच्या मालकाला रबराची झाडं बघून हुरूप आला. तो विचारायला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि आतल्या खोलीकडे मान वळवून हळूच बजावलं, "सूनबाईला विचारा जरूर. पण आधीच सांगून ठेवतो, ती 'नाही' म्हणते."