पॅनेल कुणी जाळलं?

"कुंकवानं पॅनेल फुटलं?" गोकुळ ताडकन उठायला गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, टेकायला काही नाही. तो पुन्हा उशीवर आदळला.

"हळू, गोकुळराव. जळीत वॉर्ड आहे हा," हिमांशू सर म्हणाले. कंपनीचे मेंटेनन्स मॅनेजर.

गुन्हेगार पहिला: उंदीर. विजेच्या पॅनेलचा स्फोट झाला त्या दिवशी तोच ठरला. सापडला मात्र नाही.

गुन्हेगार दुसरा: गोकुळ. इलेक्ट्रिशियन, देवगाव रंगारीचा. पाना आत विसरला म्हणे. पाना त्याच्या पेटीत निघाला.

गुन्हेगार तिसरा: वच्छलाबाई. कारखान्यात झाडलोट करते. कुंकू आत सांडले म्हणे. खंडेनवमीला पॅनेलला कुंकवाची बोटे दरसाल तीच ओढते. दारावर. बाहेरून!

आता खरे काय ते. शॉर्ट सर्किट कशानेही होते. वायर घासते, पाणी ठिबकते, पाल शिरते. मग विजेचा जो लोंढा येतो, तो न फुटता तोडायचा, एवढ्यासाठीच तर ब्रेकर असतो. या पॅनेलवर पंचवीस हजार अँपिअर येऊ शकत होते. जुना ब्रेकर तेवढे पेलणारा होता. तो बिघडला, तेव्हा सरांनी दहा हजारांपर्यंतच टिकणारा बसवून घेतला. स्वस्तातला. तो फुटला. पॅनेलचे दार उडाले. समोर गोकुळ होता.

"उद्या इन्स्पेक्टर जबाब घेतील. पूजेचं सांगा, तुमची नोकरी पक्की."

"अन् वच्छलामावशीची?"

"त्यांचं वय झालंय तसंही."

"लई झालं, सर! उंदीर झाला, मी झालो, आता म्हातारी? ब्रेकर कुणी बदलला ते तुम्हाला ठावं, मला ठावं. उद्या तेच सांगणार."

"मग नोकरीचं तुमचं तुम्ही बघा."

सर उठले. आणलेली शहाळी परत घेऊन गेले.

वच्छलाबाई दाराशीच उभी होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला. ती पलंगाजवळ आली.

"माझ्या हातानं जळलास व्हय रं, बाबा? तवापासून घरच्या देवालाबी शिवले नाय मी."

"तुझा काय संबंध, मावशी? ब्रेकरच फुसका होता. पाणी दे."

"नर्सबाईला हाक मारते."

"नर्स नको. तूच पाज."

 मग पदरातून हात बाहेर आला. तिने पेला त्याच्या ओठांना लावला. निम्मे पाणी त्याच्या मानेवरून उशीत गेले. गोकुळने तोंड बाजूला केले नाही.