दुबार

आमच्या डहाणूच्या सरकारी दवाखान्यात हाडांचे डॉक्टर एक बुधवार आड येतात आणि दुपारी तीनला निघून जातात. तेवढ्या वेळात जेवढे हातपाय होतील तेवढे, बाकीचे यादीत. ही यादी माझ्याकडे असते. मी निर्मला, इथली कारकून.

२०१६चा पावसाळा संपता संपता वरून हुकूम आला, की ऑपरेशनसाठी कुणालाही तीन आठवड्यांहून जास्त ताटकळत ठेवायचं नाही. डॉक्टर वाढवले नाहीत, टेबल वाढवलं नाही, नुसता हुकूम. मग मी दोन दिवस मान मोडून बसले आणि यादीच साफ केली. बाहेर खाजगीत जाऊन आलेले काढले, दोनदा लिहिलेले काढले. दोनदा लिहिलेल्यावर लाल शाईची आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचं, 'दुबार'. चौसष्टची यादी एकोणचाळीसवर आली. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी ही कमाल बघायला जिल्ह्याहून तीन अधिकारी आले. साहेबांच्या खोलीत चहा चालला होता आणि मला अकराला रजिस्टर घेऊन आत बोलावलं होतं. साडेदहाला खिडकीशी एक बाई आली. नवशी, तलासरीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. मागे बाकावर तिचा नवरा पाय लांब करून बसला होता, गुडघ्याखाली मळून काळं झालेलं कच्चं प्लास्टर. तिने चिठ्ठी सरकवली. शुक्रा जिव्या, नंबर अडतीस, सात आठवड्यांपूर्वीची तारीख.

मी खेकसलेच. शुक्रा जिव्याचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं, निरोप मीच पाठवला होता, मग पुन्हा कशाला आलात?

"तो वरल्या घरचा शुक्रा," ती म्हणाली. "हा खालचा. दोघांचे बापूस जिव्याच."

आडनावही एकच, सगळ्या पाड्याचंच एक. शुक्राला पाठवा, असा निरोप आला तेव्हा वरचा गेला आणि बरा होऊन आला. आपलाही नंबर येईल म्हणून ही दोघं वाट बघत बसली होती.

मी रजिस्टर उघडलं. अडतीसवर माझीच लाल रेघ होती. गाव तेच, नाव तेच, एकाचं वय तीस, दुसऱ्याचं बत्तीस, दोघांपुढे 'पाय'. एकाला फोन नंबर होता, दुसऱ्याला नव्हता. बिनफोनचा मी कापला होता. वीस वर्षं या भागात नोकरी करते. शुक्रवारी जन्मला की शुक्रा, हे मला काय कुणी शिकवायला हवं? पण एका पाड्यात शुक्रवारी एकच पोर जन्मतं, असं मी खुशाल धरून चालले होते. स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांपुढची अक्षरं हलायला लागली.

पावणेअकरा झाले होते. सुटायचा रस्ता सोपा होता. 'निरोप देऊनही गैरहजर' असं लिहायचं आणि यादीच्या तळाला नवा नंबर द्यायचा. ही दोघं जाब विचारणार नव्हती. मी पेन उचललं, 'नि' लिहिलासुद्धा. तेवढ्यात बाकावरून शुक्राने विचारलं, आज होईल ना, भात कापायला आलाय. आणि मला धीर द्यावा तसं तो पुढे म्हणाला, "आता दुखत नाय, बाई."

मी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन न होता दुखायचं थांबलं, म्हणजे हाड आपल्या मनाने जुळलं होतं.

मी साहेबांच्या खोलीत शिरले आणि त्या तिघांसमोर सांगितलं, की या यादीतून मी एक जिवंत माणूस दुबार म्हणून कापलाय आणि तो बाहेर बसलाय. साहेबांचा चेहरा पडला. एकजण म्हणाले, नंतर बघू. मी थांबले नाही, ऑपरेशनच्या खोलीकडे धावले. दोन ऑपरेशनांच्या मधे डॉक्टर तसेच टोपीत बाहेर आले. प्लास्टर कापलं, एक्स-रे फोटो काढून आणायला लावला. तो येईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. माझा अंदाज चुकीचा निघू दे, हाड अजून मोकळं असू दे, एवढंच मनात घोकत होते.

नडगी वाकडी जुळली होती, पाय दोन बोटं आखूड झाला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, महिन्यापूर्वी तासाभराचं काम होतं. आता पुन्हा हाड मोडून सरळ करावं लागेल, ते इथे होत नाही. मोठ्या दवाखान्यात पाठवा. तिथे किती महिने थांबावं लागेल ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

नवशीला मी सरळ सांगितलं, की चूक तुमची नाही, माझी आहे, नाव मी कापलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिठ्ठीसाठी कोरा कागद घेतला. तिथे तरी घोटाळा नको, म्हणून विचारलं, की पाड्यावर तुम्ही या दोघांना वेगळं कसं ओळखता, तसं नावापुढे लिहिते.

"अगोदर वरचा न् खालचा सांगत," ती म्हणाली. "आता याला लंगडा सांगतात."